क्रियापद शेवटी

टिपणीसचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत कुणी उत्तर दिलेलं त्याला खपत नसे. त्यात पंचाईत अशी की तो वाक्यात थांबायचा, आणि थांबायचा तोही नेमका क्रियापदाच्या अलीकडे. "दातार, रविवारी मी तुझ्याकडे डोंबिवलीला जेवायला..." एवढं म्हणून तो चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसायला लागायचा. तेवढ्या वेळात कुठलाही सभ्य माणूस "अरे, ये की!" म्हणणारच. मीही म्हणायचो. मग तो चष्मा पुन्हा नाकावर चढवायचा आणि माझी कीव आल्यासारखं बघायचा.

"येऊ शकत नाही, असं सांगत होतो. तुम्हाला घाई कसली असते रे? क्रियापद शेवटी! आणि नकार असला तर तो क्रियापदाच्याही नंतर. शेवटपर्यंत ऐकायची सवयच नाही तुम्हा लोकांना."

कोलशेतला खाडीच्या अंगाला आमचा रंगाचा कारखाना होता. टिपणीस इन्स्ट्रुमेंटेशनला होता, मी स्टोअर्सला. तो कळव्याचा, मी डोंबिवलीचा. स्वभावाने मी स्टोअर्सचाच माणूस. चिठ्ठी आणल्याशिवाय सख्ख्या भावाला खिळा दिला नसता. माझ्याबरोबर स्टोअर्समध्ये हरेश्वर होता. कोलशेतच्याच कोळीवाड्यातला, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, आणि अक्कल म्हणाल तर आम्हा दोघांची मिळून होती त्याहून जास्त. टिपणीस दिवसातून एकदा तरी आमच्या खिडकीशी यायचा. काही न्यायला नव्हे, बोलायला. बोलायला लागला की गिरणीचा पट्टा फिरावा तसा बोलायचा, फक्त क्रियापदाशी काय तो अडायचा.

या क्रियापदाच्या वेडाला सुरुवात कुठून झाली हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. वाढलं कशाने ते मात्र मी डोळ्यांनी पाहिलं. ऐंशीच्या दशकात कधीतरी कारखान्यात रंग मिसळायचं एक परदेशी यंत्र आलं. त्याच्या पोटात पोळपाटाएवढा एक बोर्ड होता आणि त्या बोर्डाला 'फोर्थ' नावाची संगणकाची भाषा कळायची. यंत्राबरोबर जाडजूड पुस्तक आलं होतं. बाकी कुणी त्याची पिशवीही फोडली नसती. टिपणीस ते तीन आठवडे डब्याबरोबर नेत-आणत होता. एका दुपारी तो कॅन्टीनच्या रांगेत सगळ्यांत पुढे उभा राहून ताटांच्या ढिगाकडे टक लावून बघू लागला. मागचे लोक ओरडायला लागले.

"थांबा रे, एक मिनिट! दातार, इकडे ये. हे बघ." त्याने एक ताट घेतलं, त्यात दोन भजी ठेवली. त्यावर दुसरं ताट ठेवलं, त्यात तीन भजी. खालच्या भज्यांचा चेंदामेंदा झाला. "यंत्राला आधी दोन द्यायचे. मग तीन द्यायचे. ते एकावर एक रचून ठेवतं आणि गप्प राहतं. मग आपण म्हणायचं, 'बेरीज'. की ते वरची दोन ताटं उचलतं आणि तिथे पाचाचं एक ताट ठेवतं. आधी वस्तू, मग काम! आता इंग्रजीत बघ. 'मिळव!' हा हुकूम आधी. काय मिळव? ते मागाहून कळवू. अरे, ही कुठली रीत? ही भाषा इंग्रजी नाहीच. मराठी आहे ही. दोन, तीन, बेरीज कर. क्रियापद शेवटी!"

"सायेब, बेरीज जाली," हरेश्वर म्हणाला. त्याने पाचही भजी उचलून तोंडात टाकली होती.

त्या भाषेत आपल्याला आपले शब्द घडवता येत. टिपणीसने लगोलग 'ओत', 'ढवळ', 'थांब' असे शब्द घडवले. टंकायचे रोमन लिपीत, पण शब्द अस्सल मराठी. यंत्र ते निमूटपणे मानायचं. त्या काळात आमच्या सगळ्या कारखान्यात मराठी भाषेला एवढा मान दुसरं कुणीच देत नव्हतं.

अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तसा एक दिवस आलाच. पांढऱ्या रंगाच्या दहा लिटरमधून तीन कमी करायचे होते. टिपणीसच्या डोक्यात वाक्य आलं, 'तीन दहातून वजा'. मराठीत हे बिनचूक आहे. त्याने यंत्राला तसंच सांगितलं: तीन, दहा, वजा. यंत्राने तिनातून दहा वजा केले, आणि उणे सात लिटर रंग ओतायची आपली तयारी नाही म्हणून लाल दिवा लावून ते उभं राहिलं. हे कळेपर्यंत बाकीचा रंग पांढऱ्याविनाच ढवळला गेला होता. पिस्त्याचा हिरवा व्हायचा तो शेवाळाचा झाला. मोठे साहेब खाली आले तेव्हा मी म्हटलं, आज याची नोकरी जाते. हा पठ्ठ्या मात्र हर्षाने नुसता थुईथुई नाचत होता.

"दातार, यंत्राला विभक्ती नाही! 'दहातून' मधला 'तून' त्याला कळतच नाही. आपण प्रत्ययांच्या जिवावर शब्द कुठेही फेकतो. प्रत्यय काढून घेतले की उरतो फक्त क्रम. काय आधी ठेवलं, काय नंतर ठेवलं, तेवढ्यावरून समजून..." आणि थांबला.

"घ्यायचं," मोठे साहेब म्हणाले. मोठ्या साहेबांना क्रियापद पुरवायला लावणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. शिक्षा एवढीच झाली की त्या शेवाळी रंगाने टिपणीसची केबिन रंगवण्यात आली. त्याला तो रंग आवडायचा.

पुढे दोन-तीन वर्षांनी जाहिरातीच्या विभागात एक लहानसा संगणक आला. ताठ बसलेल्या मांजराएवढा डबा, पांढरा पडदा, त्यावर कागदांची, फायलींची, कचरापेटीची इवलीइवली चित्रं, आणि शेपटीवाला माऊस. आमच्या रजिस्टरात हरेश्वरने 'उंदीर, नग एक' अशी नोंद केली, नेमकी उंदरांच्या औषधाच्या खाली. सगळा कारखाना तो डबा बघून गेला. टिपणीस उशिरा आला. तोवर त्याने काळ्या पडद्याचे साधे संगणकच पाहिले होते, आणि त्यांच्यावर त्याचा राग होता. त्यांना आधी 'कॉपी' म्हणायचं आणि मग काय ते सांगायचं, म्हणजे पुन्हा साहेबाचीच तऱ्हा. इथे त्याने बाण एका कागदावर नेला, टिचकी मारली. कागद काळा झाला आणि वाट बघत राहिला. मग वरच्या यादीतून त्याने 'उघड' निवडलं. कागद उघडला.

"आधी वस्तू," तो हळूच म्हणाला. मग इतक्या मोठ्याने ओरडला की पलीकडची टायपिस्ट दचकली. "मग काम! अरे, हासुद्धा मराठी आहे!"

त्या डब्याला जोडलेला प्रिंटरही मराठी निघाला. एकदा पत्रक छापायचं सोडून त्याने पानांमागून पानं आकडे आणि अगम्य शब्द ओकायला सुरुवात केली. जाहिरातवाली मुलगी रडकुंडीला आली. टिपणीसने एक पान उचललं आणि पोथी वाचावी तसा वाचायला लागला. "शंभर, दोनशे, तिथे जा. तीनशे, दोनशे, तिथवर रेघ धर. आता ओढ. हा बिचारा आपल्या मनातलं मोठ्याने बोलतोय, बाई. रडताय काय? ऐका." सतरा पानं त्याने वाचून दाखवली. शेवटच्या पानावर तळाला एकच हुकूम होता. 'पान दाखव.' तो वाचताना त्याचा आवाज किंचित कापला. मला हसू आवरेना.

मध्ये तो दोन महिने रजेवर होता. घरी बायको आजारी आहे एवढंच कळलं होतं. कामावर परत आला त्या सकाळी मी खिडकीतूनच विचारलं, "काय टिपणीस, वहिनी कशा आहेत आता?"

"आता बरं..." तो म्हणाला आणि चष्मा काढला.

"वा, छान झालं," मी म्हटलं, आणि समोर उभ्या असलेल्या माणसाची चिठ्ठी वाचायला घेतली.

त्यानंतर त्याचं वेड एका नव्याच वळणावर गेलं. जेवणाची सुट्टी झाली की तो जाहिरातवाल्यांच्या डब्यासमोर बसायचा आणि माऊसने चित्रं काढायचा. सुट्टी संपता संपता माझ्याकडे यायचा.

"दातार, 'उघड' याचं चित्र कसं काढशील?"

"दार काढीन."

"ते दार झालं. नाम आहे ते. 'उघड' कुठाय त्यात?"

"अर्धवट उघडलेलं दार काढ."

"मग 'बंद कर' चं?"

"अर्धवट बंद..." बोलता बोलता माझ्याच लक्षात आलं.

"हां! नामांची चित्रं निघतात रे. कप काढला की चहा झाला. क्रियापदाचं चित्र निघत नाही. महिना झाला डोकं फोडतोय."

हरेश्वर पत्र्याच्या डब्यांवर लेबलं लावत होता. मान वर न करता म्हणाला, "हात काढा की, सायेब. काम हातच करतो ना?"

टिपणीस त्याच्याकडे बघतच राहिला. मग त्याने हरेश्वरचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले, लेबलाच्या गोंदासकट. दुसऱ्या दिवसापासून तो हात काढायला लागला. ढकलणारा हात, ओढणारा हात, काही मागणारा हात, बोलावणारा हात. एकेका हाताचा कागद आणून तो मला विचारायचा, "हे 'दे' वाटतं की 'घे'?" अशी वीसेक क्रियापदं माझ्याकडून तपासून घेतली. शेवटी एका दुपारी मी वैतागलो. स्टॉक मोजायचा होता, आणि याची टकळी थांबेना. मी एका जुन्या चिठ्ठीच्या मागे ओठांवर बोट ठेवलेला चेहरा काढला आणि त्याच्यासमोर धरला.

"हे घे. गप्प बस! तुला बघितलं की मला हेच क्रियापद आठवतं."

तो रागावला नाही. चिठ्ठी उलटसुलट करून बघितली, घडी घातली आणि खिशात टाकली. एवढी चित्रं कशाला, असं मला विचारावंसं वाटायचं. पण टिपणीसला काही विचारलं म्हणजे अर्धा तास गेला, म्हणून राहून जायचं.

त्र्याण्णव-चौऱ्याण्णवच्या सुमाराला जाहिरातवाल्यांकडे रंगीत पडद्याचे नवे संगणक आले आणि तो लहान डबा माझ्या स्टोअर्समध्ये येऊन पडला. भंगाराच्या यादीत त्याचं नाव चढलं. टिपणीसने अर्ज केला की हे यंत्र मला मिळावं. अर्ज परत आला. त्यात कारण लिहिलेलं नव्हतं आणि भंगारातली वस्तू सुटी देण्याचा नियम नव्हता. त्याने दुसरा अर्ज केला. तोही परत आला. भंगारवाल्याची गाडी सोमवारी यायची होती. शुक्रवारी तो माझ्या खिडकीशी उभा राहिला, आणि चष्म्याला हात न लावता त्याने एक छोटं वाक्य पूर्ण केलं.

"दातार, मला ते मशीन पाहिजे."

"मग कारण लिही ना बाबा अर्जात! दोनदा सांगितलं मी तुला."

"कारण लिहिलं की लोक हळहळायला येतात. मला मशीन पाहिजे, हळहळ नको. दुसऱ्या कुठल्याच डब्यावर माझी चित्रं चालत नाहीत."

"मग तुझ्या सहीने 'यंत्र निकामी' असा दाखला दे. मी बघतो कसं जमतं ते."

"चालू आहे ते," टिपणीस म्हणाला. "चालू आहे त्याला निकामी कसं लिहू?" आणि निघून गेला.

मला भयंकर राग आला. मी नियम थोडा वाकवायला तयार झालो होतो, आणि हा उंटावरचा शहाणा दाखला द्यायला तयार नव्हता. दिवसभर मी धुमसत होतो. संध्याकाळी निघताना हरेश्वर म्हणाला, "दातारसायेब, त्याचा जीव अडकलाय त्या डब्यात. द्या नायतर नको द्या. पर विचारा तरी."

रात्री नीट झोप लागली नाही. सकाळी, शनिवारी, मी गेटपासचं पुस्तक काढलं. 'यंत्र बाहेर नेण्याचे कारण' इथे लिहिलं, 'तपासणी'. 'परत आणण्याची तारीख' इथे काहीच लिहिलं नाही. इतक्या वर्षांत बिनतारखेचा गेटपास मी कुणालाही दिला नव्हता. दुसऱ्या कुणी फाडला असता तर मीच त्याची तक्रार केली असती. अर्ध्या दिवसाने सुट्टी झाल्यावर हरेश्वरने तो डबा गोधडीत गुंडाळून रिक्षात ठेवला, आणि तो सांभाळायला म्हणून मी टिपणीसबरोबर कळव्याला गेलो. त्याच्या घरी मी पहिल्यांदाच जात होतो.

पहिल्या मजल्यावर दोन खोल्या. खिडकीशी खुर्चीत नलिनीवहिनी बसल्या होत्या. उजवा हात मांडीवर, कुणीतरी आणून ठेवल्यासारखा. त्यांनी मला बघितलं, ओळख पटल्यासारख्या हसल्या आणि म्हणाल्या, "चहा."

"हो हो, घेऊ की!" मी म्हणालो.

"दातार," टिपणीस हलक्या आवाजात म्हणाला, "क्रियापद शेवटी."

मी गप्प झालो. वहिनींच्या ओठांची धडपड चालली होती. "चहा... चहा..." पुढचं काही येईना. त्यांचे डोळे भरून आले. टिपणीसने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"दीड वर्ष झालं," तो मला म्हणाला. "उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. मग नामं हळूहळू परत आली. चहा, खिडकी, ऊन, सगळं येतं. प्रत्यय नाही आले. क्रियापद तर एकही नाही. 'खिडकी, ऊन' म्हणते. आता खिडकी उघडायची की लावायची? मी दोन्ही करून बघतो. डॉक्टर म्हणतात, सराव करा. बाईंना सराव करायला सांगतात! पंचवीस वर्षं ठाण्याच्या शाळेत मराठी शिकवलं हिने. वर्गात पोरं मध्येच उत्तरं द्यायची तेव्हा काय म्हणायची माहितीय? 'शेवटपर्यंत ऐका रे, क्रियापद शेवटी.' मी तिच्याकडूनच तर..."

तो थांबला. या खेपेला मी मध्ये बोललो नाही.

"...उचललं," तो म्हणाला.

मला ती सकाळ आठवली. 'आता बरं...' म्हणून चष्मा काढलेला टिपणीस, आणि 'वा, छान झालं' म्हणणारा मी. ते वाक्य 'नाही'वर संपणार होतं. ते ऐकायला मी थांबलोच नव्हतो. मला माझी इतकी लाज कधी वाटली नव्हती.

त्याने डबा टेबलावर मांडला, वहिनींच्या डाव्या हाताशी माऊस ठेवला, खिशातून फ्लॉपी काढून आत सरकवली. पडदा उजळला. वरच्या भागात वस्तूंची चित्रं होती: कप, खिडकी, पंखा, गोळ्यांची डबी, एक चष्मेवाला माणूस. खालच्या ओळीत हातांची रांग. एका कडेला ताटांचा ढीग. वस्तूवर टिचकी मारली की ती जाऊन वरच्या ताटात बसायची, आणि हात निवडेपर्यंत तिथेच थांबायची. कितीही वेळ.

टिपणीस मात्र थांबेना. "नले, हे बघ, आधी वस्तू घ्यायची. कप घे. नाही, वर, वर. घाई नको. खिडकी घेतेस? बरं, खिडकी घे. तिसरा हात म्हणजे 'उघड', चौथा 'लाव', हरेश्वर म्हणून आहे आमच्याकडे, त्याने सुचवलं हे. जरा डावीकडे. माऊस उचलू नको, नुसता सरकव, असा..."

वहिनींचा बाण अडखळत, भरकटत वर गेला. कपावर नाही, खिडकीवर नाही. चष्मेवाल्या माणसावर. टिचकी. टिपणीस ताटात जाऊन बसला.

"मी? बरं, मी. आता खाली ये. 'ये' म्हणायचंय का? पहिला हात. की 'दे'? 'दे' म्हणजे तो दुसरा..."

बाण खालच्या ओळीत उतरला. पहिला हात गेला, दुसरा गेला. वहिनी एकेका हातापाशी थांबत होत्या, मान हलवत होत्या, पुढे जात होत्या. सगळे हात संपले आणि अगदी शेवटी मला माझं चित्र दिसलं. ओठांवर बोट ठेवलेला चेहरा, माझ्याच वेड्यावाकड्या रेघांचा. बाण त्याच्यावर जाऊन ठरला. टिचकी वाजली.

वहिनींनी मान वळवून नवऱ्याकडे बघितलं. वर्गातल्या दंगेखोर पोराकडे बाईंनी बघावं, अगदी तसं.

टिपणीसचा चष्मा बघता बघता धुरकटला. त्याने माझा दंड घट्ट धरला. "ओरडली रे मला," तो कसाबसा म्हणाला. "दीड वर्षाने ओरड..."

टिचकी पुन्हा वाजली.

आणि टिपणीस गप्प बसला. वाक्य अर्धं टाकून, क्रियापद गिळून, दोन्ही हात मांडीखाली दाबून तो बसून राहिला. गालांवरून पाणी ओघळत होतं, ते पुसायलाही त्याने हात काढले नाहीत.

वहिनींनी मग माझ्याकडे बघितलं. बाण हळूहळू वर गेला आणि कप ताटात येऊन बसला. चहा. तो करायचा होता, की द्यायचा होता, की नकोच होता, हे अजून ठरायचं होतं. बाण खालच्या ओळीकडे निघाला. आम्ही दोघं थांबलो.